सपाट कागदावरची कोरीव अक्षरे

शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या इमारतीवर बसवलेली कोनशिला तुम्ही पाहिलीच असेल. पुढच्या वेळी तिच्यावरच्या एखाद्या ठसठशीत अक्षरावरून बोट फिरवून पाहा. बोट एका उतारावरून आत घसरते, तळाशी एका बारीक रेषेपाशी टेकते आणि समोरच्या उतारावरून पुन्हा वर येते. पाथरवटाने टाकीने दोन्ही बाजूंनी तिरपे घाव घालून अक्षराच्या प्रत्येक रेघेत अशी खाच पाडलेली असते. (टंकलेखन या शब्दातला ‘टंक’ आणि पाथरवटाची ‘टाकी’ हे शब्द मुळात एकाच घरातले. संस्कृतात टंक म्हणजे दगड कोरण्याचे हत्यार.)

आता एखाद्या दुकानाची छापील पाटी किंवा खोक्यावरचे बोधचिन्ह पाहा. तेथेही अक्षरे अशीच पैलूदार, हिऱ्यासारखी घडवलेली दिसतात. पण बोट फिरवले तर हाताला लागतो तो गुळगुळीत कागद! उतार नाही, खाच नाही, धार नाही. आहेत ते फक्त चार-पाच छटांचे सपाट तुकडे. मग डोळ्याला दिसणारा उठाव येतो कोठून?

काही जणांना वाटते, की हे चित्रकाराच्या हाताचे कसब आहे. तसे ते आहेही. पण त्यातला मोठा भाग साध्या भूमितीचा आणि प्रकाशाच्या एका नियमाचा आहे. तो तुम्हालाही जमेल. जवळ एक आलेख-कागद, पट्टी आणि पेन्सिल घेऊन बसा. या लेखातली आकृती तुम्हीच काढायची आहे.

अक्षराचे छप्पर

देवनागरीतले सर्वांत साधे तुकडे घेऊ : एक शिरोरेघ आणि तिच्या मध्यावरून खाली सोडलेला एक काना. येथे रेघ म्हणजे नुसती रेषा नव्हे, तिला रुंदी आहे. शिरोरेघ ८० मिलिमीटर लांब व २० मिलिमीटर रुंद काढा. तिच्या खालच्या कडेच्या बरोबर मध्यापासून २० मिलिमीटर रुंदीचा काना ८० मिलिमीटर खाली आणा. झाली आकृती. तिला आठ कडा आणि आठ कोपरे आहेत. इंग्रजी ‘टी’सारखी ती दिसते.

आता अशी कल्पना करा, की हा एका घराचा नकाशा आहे आणि तुम्हाला त्यावर कौलारू छप्पर घालायचे आहे. अट एकच. प्रत्येक भिंतीवरून निघणारे पाखे सारख्याच उताराचे, म्हणजे ४५ अंशांचे असले पाहिजे. तर मग आढे कोठे येईल?

उतार ४५ अंशांचा असला, की भिंतीपासून जितके आत जाल तितकेच वर चढाल. १ मिलिमीटर आत, तर १ मिलिमीटर वर. याचा अर्थ, दोन पाखी जेथे एकमेकांना भेटतात ते ठिकाण दोन्ही भिंतींपासून सारख्या अंतरावर असते. सगळी गंमत या एका वाक्यात आहे. शिरोरेघेच्या वरच्या आणि खालच्या कडेपासून सारख्या अंतरावरची रेषा म्हणजे मधली रेषा, तेथे आढे. त्याची उंची १० मिलिमीटर. पण हे आढे शिरोरेघेच्या टोकापर्यंत जात नाही, कारण टोकाच्या छोट्या भिंतीवरूनही एक पाखे वर येत असते. म्हणून प्रत्येक टोकाच्या दोन कोपऱ्यांतून ४५ अंशांच्या तिरप्या रेषा आत ओढा. त्या टोकापासून १० मिलिमीटर आत एकमेकींना मिळतात, आणि आढे तेथून सुरू होते. असे ते ६० मिलिमीटर लांब भरेल. कान्याच्या खालच्या टोकालाही हेच करा.

राहिले ते दोन आतले कोपरे, जेथे काना शिरोरेघेला चिकटतो. चौकी घराच्या छपरावर दोन पाखी आत मिळतात तेथे पावसाचे पाणी वाहून नेणारी पन्हळ असते. तसेच येथे होते. या दोन कोपऱ्यांतून मध्याकडे ४५ अंशांनी वर रेषा ओढा. त्या दोन्ही पन्हळी शिरोरेघेच्या आढ्यावर एकाच बिंदूत मिळतील, आणि कान्याचे आढेही नेमके तेथेच येऊन पोचेल.

आकृती नीट आली की नाही ते तपासायला एक सोपी युक्ती आहे. आठ कडा होत्या, म्हणून आठ पैलू मिळायला हवेत : तीन टोकांना तीन त्रिकोण, वर एक लांबट समलंब चौकोन, आणि बाकीचे चार समांतरभुज चौकोन. क्षेत्रफळेही मोजा. त्रिकोण प्रत्येकी १०० चौरस मिलिमीटर, समलंब ७००, शिरोरेघेखालचे दोन समांतरभुज प्रत्येकी ३०० आणि कान्याचे दोन प्रत्येकी ८००. बेरीज ३२००; तेवढेच मूळ आकृतीचे क्षेत्रफळ आहे.

येथे सर्व काही एका बिंदूत मिळाले, कारण दोन्ही रेघांची रुंदी सारखी होती. काना ३० मिलिमीटर रुंद करा, म्हणजे खरी अडचण समोर येईल. त्याचे आढे आता १५ मिलिमीटर उंच, आणि शिरोरेघेचे मात्र १० मिलिमीटरच. दोन आढ्यांची गाठ पडावी कशी? घाईने रंगवलेल्या पाट्यांवर अशा जागी सरळ एक रेषा ठोकून दिलेली दिसते, आणि अक्षर त्या ठिकाणी मुडपल्यासारखे वाटते. नियम मात्र सोडायचा नाही : सारखे अंतर. पन्हळी शिरोरेघेच्या आढ्याला दोन वेगळ्या ठिकाणी, एकमेकींपासून १० मिलिमीटरांवर भेटतात. त्या दोन बिंदूंपासून दोन तिरप्या धारा खाली मध्याकडे येतात आणि चढत चढत १५ मिलिमीटर उंचीवर कान्याच्या आढ्याला मिळतात. म्हणजे शिरोरेघेच्या वरच्या पैलूला मध्यावर खाली उतरलेले एक छोटे त्रिकोणी टोक फुटते. काढून पाहा. एकदा हे हाताला बसले, की सरळ रेघांचे कोणतेही अक्षर अवघड नाही.

गणितज्ञांनीही या प्रश्नात लक्ष घातले आहे. अमेरिकेतील हॅरी ब्लम यांनी १९६७ साली एक सुंदर उपमा दिली. आकृती म्हणजे वाळलेल्या गवताचे मैदान समजा आणि तिच्या सगळ्या कडांना एकाच वेळी आग लावा. आग सारख्या वेगाने आत सरकते, आणि निरनिराळ्या बाजूंनी आलेल्या ज्वाळा जेथे एकमेकींना भिडून विझतात तो आकृतीचा ‘सांगाडा’. आपले आढे म्हणजे तोच. फरक एवढाच, की आतल्या कोपऱ्यापाशी आग पाण्यातल्या तरंगासारखी गोलाकार पसरते, त्यामुळे तेथे सांगाड्याचा काही भाग वक्र होतो. टाकीचा घाव तर सपाट असतो. त्याला गोलाई चालत नाही. ऑस्ट्रियातील ऑस्विन आइखहोल्झर, फ्रान्झ आउरेनहामर व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९९५ साली ‘सरळ सांगाड्या’ची व्याख्या मांडली. तिच्यात प्रत्येक कड स्वतःला समांतर राहून आत सरकते आणि सगळे पैलू सपाट राहतात. छपरे घालणाऱ्यांना ही रचना त्याआधीपासून हाताने येत होती, हे सांगायला नकोच.

कोणता पैलू किती उजळ?

आतापर्यंत आपल्याकडे नुसत्या रेषांचे जाळे आहे. त्यात अजून उठाव दिसत नाही. उठाव येतो तो छटांनी, आणि कोणत्या पैलूला कोणती छटा द्यायची हे मनाला येईल तसे ठरवून चालत नाही.

अंधाऱ्या खोलीत विजेरीचा झोत भिंतीवर सरळ टाका. लहानसा, लख्ख गोल दिसेल. आता विजेरी तिरपी करा. गोल लांबट आणि फिकट होतो. प्रकाश तेवढाच, पण तो जास्त जागेवर पसरला. पृष्ठभागावर उभारलेला लंब आणि प्रकाशाची दिशा यांच्यातील कोन जसा वाढतो तसा उजळपणा कमी होतो, आणि तो त्या कोनाच्या कोज्येच्या, म्हणजे तुमच्या पुस्तकातल्या ‘कॉस’च्या प्रमाणात कमी होतो. कोन ० अंश असताना पूर्ण उजेड, ६० अंशांना निम्मा, ९० अंशांना शून्य. योहान लाम्बर्ट यांनी १७६० साली हा नियम आपल्या प्रकाशमापनावरील ग्रंथात मांडला. खडू, कागद, न घासलेला दगड अशा निस्तेज पृष्ठभागांना तो चांगला लागू पडतो. चकचकीत पितळेला नाही. त्याची तऱ्हा आरशासारखी.

आता आपल्या अक्षरासाठी दिवा कोठे ठेवावा? समजा तो अगदी समोर, कागदाला लंब ठेवला. मग आठही पैलूंचा कोन ४५ अंशच येईल आणि सगळे सारखेच, ७१ टक्के उजळतील. उठाव पार नाहीसा! कार्ले, कान्हेरी किंवा नाणेघाट येथे दगडात कोरलेले ब्राह्मी लेख आहेत. तेथे जाल तेव्हा विजेरी समोरून न धरता बाजूने तिरपी धरा. समोरच्या उजेडात न दिसणारी झिजलेली रेघही मग सावलीमुळे उमटते.

तर दिवा तिरपा हवा. आपण तो असा ठेवू : कागदाच्या मध्यापासून १ घर डावीकडे, २ घरे वर, आणि २ घरे कागदातून बाहेर, तुमच्याकडे. पायथागोरसचा सिद्धांत दोनदा वापरला तर १ + ४ + ४ = ९, म्हणजे दिव्याचे अंतर बरोबर ३ घरे. आकडेमोडीला सोयीचे म्हणूनच ही जागा निवडली आहे. घड्याळाच्या भाषेत हा उजेड साधारण ११च्या आकड्याकडून येतो. कोज्या काढून पाहिल्या तर वरच्या बाजूला तोंड असलेल्या पैलूचा कोन सुमारे १९½ अंश येतो आणि उजळपणा ९४ टक्के. डावीकडे तोंड असलेल्याचा कोन ४५ अंश, उजळपणा ७१. उजवीकडच्याचा सुमारे ७६ अंश, उजळपणा २४. खाली तोंड असलेल्याचा कोन नेमका ९० अंश, म्हणून उजळपणा शून्य. (अकरावी-बारावीच्या वाचकांनी सदिशांचा अदिश गुणाकार करून हे आकडे पडताळावेत. वरच्या पैलूच्या लंबाचे घटक ०, १, १ आणि प्रकाशाचे −१, २, २ घ्या. गुणाकारांची बेरीज ४. तिला दोन्ही लांबींच्या गुणाकाराने, म्हणजे ३√२ ने भागा.)

प्रत्यक्षात कोणताही पैलू अगदी काळाकुट्ट नसतो. आकाशाचा, भिंतींचा विखुरलेला उजेड सगळीकडून थोडा थोडा येतच असतो. त्यासाठी १०० पैकी २० भाग सर्वांना सारखे देऊ, आणि उरलेले ८० वरच्या नियमाने वाटू. मग छटा अशा होतात : वरचे पैलू ९५, डावे ७७, उजवे ३९, खालचे २०. पेन्सिलने भरायचे तर वरचा पैलू जवळजवळ कोरा सोडा, डाव्याला हलकी छटा द्या, उजवा गडद करा आणि खालचे पैलू आणखी गडद. शिरोरेघेचे डावे टोक ‘डाव्या’त मोडते व उजवे टोक ‘उजव्या’त, कान्याचे खालचे टोक ‘खालच्या’त. भरून झाले, की कागद हातभर अंतरावर धरून पाहा. अक्षर कागदातून वर आलेले दिसेल.

दिवा बरोबर कोपऱ्याच्या दिशेने, म्हणजे जितका डावीकडे तितकाच वर का ठेवला नाही? ठेवून पाहा. तोच उजेड जर नेमक्या ४५ अंशांनी डाव्या-वरच्या कोपऱ्याकडून आणि ४५ अंश उंचीवरून आला, तर वरचा व डावा असे दोन्ही पैलू सारखेच ८५ टक्के उजळतात आणि उजवा व खालचा दोन्ही १५ टक्के. मग शिरोरेघेच्या डाव्या टोकाला जी तिरपी धार तुम्ही इतक्या काळजीने काढली, ती दोन्हीकडे एकच छटा आल्यामुळे नाहीशी होते. अनेक तयार बोधचिन्हांत हा दोष दिसतो. दिवा थोडा सरकवला की तो जातो.

डोळ्याची समजूत

आता छटा भरलेला कागद उलटा करा, म्हणजे खालची बाजू वर. काय झाले? वर उचलून आलेले अक्षर आता कागदात कोरल्यासारखे दिसू लागेल. एखाद्याला लगेच दिसत नाही. त्याने एक डोळा मिटून पाहावे. कागदावरची एकही रेषा बदललेली नाही, एकही छटा बदललेली नाही. बदलली ती आपली समजूत.

आपला डोळा, खरे तर डोळ्यामागचा मेंदू, असे धरून चालतो की उजेड वरून येतो. सूर्य वर, दिवा वर; जन्मभराचा आणि त्याआधीच्या असंख्य पिढ्यांचा अनुभव तोच. मग ज्याची वरची बाजू उजळ ते उंचवटा, आणि ज्याची खालची बाजू उजळ तो खळगा, असा निकाल मेंदू आपल्याला न विचारताच देऊन टाकतो. अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड रिटनहाउस यांनी १७८६ साली या फसगतीचे स्पष्टीकरण दिले होते. प्रतिमा उलटी करून दाखवणाऱ्या भिंगांतून पाहिले, की खळगे उंचवट्यांसारखे दिसतात, हे त्यांच्या लक्षात आले होते. चंद्राचे छायाचित्र उलटे धरा, त्यावरची विवरे फुगलेल्या फोडांसारखी दिसतील.

या प्रश्नावरचा एक मजेदार अभ्यास विलयनूर रामचंद्रन या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने १९८८ साली प्रसिद्ध केला. ‘वर’ म्हणजे कोठे हे मेंदू आकाशाकडे पाहून ठरवत नाही, आपल्या डोक्यावरून ठरवतो असे त्यात दिसले. याची परीक्षा सोपी आहे. तुमचा कागद भिंतीला सरळ चिकटवा, त्याच्याकडे पाठ करून ओणवे व्हा आणि दोन पायांमधून मागे पाहा. कागद होता तसाच आहे, उलटे झाले आहे ते तुमचे डोके. तरीही अक्षर कोरीव दिसेल. रामचंद्रन यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. एका दृश्यात उजेड एकाच दिशेने येतो असे मेंदू मानतो. म्हणून एका नावातल्या पाच अक्षरांपैकी चौथ्या अक्षराला भलत्या दिशेने छटा दिल्या, तर ते एकटेच आत बुडालेले दिसेल.

वरून, पण डावीकडून का? १९९८ साली जेनिफर सन आणि पिएत्रो पेरोना यांनी केलेल्या प्रयोगांत माणसे उजेड बरोबर डोक्यावरून नव्हे, तर थोडा डावीकडून येतो असे धरतात, हे आढळले. संगणकाच्या पडद्यावर फुगीर बटणे आली तीही याच उजेडात : वरची व डावी कड उजळ, खालची व उजवी गडद. आणि बटण ‘दाबले’ हे दाखवण्यासाठी त्या छटांची फक्त अदलाबदल करीत.

यावरून कोनशिलेसारखे खोदीव अक्षर काढण्याची कृती तुम्हीच सांगाल. रेषांचे जाळे तेच ठेवायचे. फक्त ९५ आणि २० यांची, तसेच ७७ आणि ३९ यांची अदलाबदल करायची. खाचेत वरच्या कडेला लागून असलेला उतार खाली तोंड करून असतो, म्हणून तो अंधारात जातो. रोममधील ट्राजनच्या स्तंभाच्या चौथऱ्यावर इसवी सन ११३ मधला एक लेख अशा खाचेच्या अक्षरांत कोरलेला आहे. रोमन लिपीची अक्षरे घडवणाऱ्यांना तो आजही आदर्श वाटतो. एडवर्ड कॅटिच या अमेरिकन धर्मगुरूने, जो स्वतः अक्षरे रंगवणारा आणि कोरणारा होता, १९६८ सालच्या आपल्या पुस्तकात असे प्रतिपादन केले, की ही अक्षरे आधी सपाट कुंचल्याने दगडावर रंगवली आणि मग टाकीने कोरली.

पण रोमन लोक एवढ्यावर थांबत नसत. कोरलेल्या अक्षरांत ते पुष्कळदा लाल रंग भरीत. आपल्या कोनशिलांतही काळा किंवा सोनेरी रंग भरलेला असतो. सुंदर उतारांवर रंग कशाला फासायचा, असे वाटेल. आपल्याच आकड्यांत याचे उत्तर दडलेले आहे. सपाट कागद, म्हणजे अक्षराभोवतीची जागा, त्याच उजेडात किती उजळेल ते काढा. उत्तर येते ७३. आता उभ्या रेघेच्या दोन पैलूंची सरासरी घ्या : ७७ आणि ३९ यांची ५८. आडव्या रेघेची : ९५ आणि २० यांचीही सुमारे ५८. दुरून पाहणाऱ्याला दोन पैलू वेगळे दिसत नाहीत, त्यांची सरासरीच दिसते. म्हणजे त्याला ७३च्या पार्श्वभूमीवर ५८चे अक्षर दिसणार, राखाडीवर राखाडी! किती दुरून? निरोगी डोळ्याला अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारीक तपशील दिसतो. २० सेंटिमीटर उंच अक्षराचा पैलू आपल्या प्रमाणाने २ सेंटिमीटर रुंद असेल. तो सुमारे ७० मीटरांवर या मर्यादेला पोचतो. रस्त्याच्या पलीकडच्या टोकावरून पाटी वाचणाऱ्याला तुमच्या पैलूंचा काही उपयोग नाही. तेव्हा पार्श्वभूमी गडद निळी, हिरवी किंवा काळी घ्या, नाही तर अक्षराला वेगळा रंग देऊन त्याच रंगाच्या चार छटा वापरा. आणि जे बोधचिन्ह वहीच्या कोपऱ्यात नखाएवढे छापायचे आहे त्याची पैलू नसलेली, एकाच रंगाची दुसरी प्रतही करून ठेवा.

संगणकावर

हेच काम संगणकावर करायचे तर त्यासाठी ‘व्हेक्टर’ प्रकारचे चित्र वापरतात. साधे छायाचित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. आपली ८० बाय १०० मिलिमीटरची आकृती इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने साठवायची तर अकरा लाखांहून अधिक ठिपके लागतील, आणि मोठी केली की ते ठिपके दिसू लागतील. व्हेक्टर चित्रात ठिपके नसतात, असतात ते बिंदूंचे निर्देशक. आपल्या आकृतीला बाहेरचे ८ कोपरे आणि आतल्या गाठींचे ४ बिंदू असे १२ बिंदू पुरतात. शिवाय कोणता पैलू कोणत्या बिंदूंनी बनला आणि त्याची छटा कोणती, एवढी यादी. छापताना वा पडद्यावर दाखवताना संगणक त्या यादीवरून चित्र नव्याने काढतो. म्हणून तेच चित्र वहीच्या लेबलावर आणि भिंतीएवढ्या फलकावर सारखेच धारदार येते. शाळेत संगणक असेल तर ‘इंकस्केप’ या मोफत मिळणाऱ्या प्रोग्रॅमवर हे करता येईल. जाळी दिसती ठेवा आणि बिंदू जाळीला आपोआप चिकटतील असे करून घ्या, म्हणजे दोन शेजारी पैलू नेमक्या त्याच बिंदूंवर मिळतील.

तरीही एक अडचण येतेच, आणि नवशिके तिने बेजार होतात. दोन पैलू एकमेकांना अगदी लागून असूनही त्यांच्यामध्ये केसाएवढी पांढरी फट दिसते. याचे कारण असे. पडदा शेवटी ठिपक्यांचाच. धार एखाद्या ठिपक्याच्या बरोबर मधून गेली, तर संगणक पहिला पैलू रंगवताना तो ठिपका अर्धा रंगवतो, अर्धी पार्श्वभूमी उरते. दुसरा पैलू रंगवताना तो पुन्हा अर्धे झाकतो, पण आता जे आहे त्याच्या अर्धे. पार्श्वभूमी अर्ध्याची अर्धी, म्हणजे २५ टक्के, शिल्लक राहतेच. तीच ती फट. उपाय सोपा : सर्व पैलूंच्या खाली आधी मधल्या छटेचे संपूर्ण अक्षर घालून ठेवा. फटीतून मग पांढरे डोकावत नाही.

वक्र अक्षरांचे काय? वक्र रेषाही संगणक थोड्याच बिंदूंनी साठवतो. फ्रान्समधील मोटारींच्या कारखान्यांत काम करणाऱ्या पॉल द कास्तेल्झो आणि पिएर बेझिए यांनी १९६०च्या सुमारास शोधलेल्या पद्धतीत चार बिंदूंनी एक वळण ठरते. मोटारीच्या पत्र्यासाठी निघालेली ही रीत आज अक्षरांच्या कडांना वापरली जाते. पण वळणावर उताराचे तोंड क्षणोक्षणी बदलते, म्हणून छटाही सलग बदलली पाहिजे. चित्रकार त्या वळणाचे बारीक तुकडे करून प्रत्येकाला आपापली छटा देतात.

‘ठ’ काढून पाहा. कंपासने ३० आणि २० मिलिमीटर त्रिज्येची दोन वर्तुळे काढा. आढे त्यांच्या बरोबर मध्ये, २५ मिलिमीटर त्रिज्येचे. आता घड्याळाच्या तबकडीसारखे बारा भाग पाडा. आपल्या उजेडात बाहेरचा उतार ११च्या जागी सर्वांत उजळ आणि ५च्या जागी सर्वांत गडद होईल. आतला उतार त्याच्या नेमका उलट. मग बाहेरचा उतार उजळाकडून गडदाकडे आणि आतला गडदाकडून उजळाकडे जाताना वाटेत कोठेतरी दोघांची छटा सारखी होणारच. ती जागा २च्या आणि ८च्या जराशी पुढे येते, आणि दोन्ही उतार तेथे ५८ टक्के उजळ असतात. तेवढ्या दोन ठिकाणी आढ्याची धार दिसेनाशी होते. खऱ्या दगडावर तिरप्या उन्हात ‘ठ’ कोरलेला सापडला, तर या दोन जागा शोधा.